मृत्यूची नोंद : पहिल्या एकवीस दिवसांतले काम

घरात मृत्यू झाला की पहिला फोन नातेवाइकांना जातो आणि दुसरा डॉक्टरांना. हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीला अगदी लागून असलेल्या आमच्या कबनूरमध्ये व्यवसाय करताना असे फोन मी पुष्कळ घेतले आहेत. नाडी पाहावी, डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकावा, छातीवर स्टेथोस्कोप ठेवावा आणि घरच्यांना आधीच उमगलेले असते ते शब्दांत सांगावे, एवढ्यावर डॉक्टरांचे काम संपते असा बहुतेकांचा समज असतो. त्यानंतर मी पिशवीतून एक छापील नमुना बाहेर काढतो, तेव्हा खोलीत चुळबुळ होते. ‘कागदाचं मागनं बघूया की, डॉक्टर,’ असे कोणीतरी म्हणतेच. म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. त्या घडीला कागद हा शब्दसुद्धा कानाला बोचतो.

तरीही वाचकहो, विशेषतः घरात वृद्ध आईवडील किंवा दीर्घ आजारी माणूस असलेल्या वाचकहो, या कागदाविषयी शांत मनाने आजच चार गोष्टी समजून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण सत्तरी ओलांडलेले आहेत हे ठाऊक असूनच लिहितो आहे. हा विषय अशुभ मानून टाळला, तर त्याचा भार मागे राहणाऱ्या जोडीदाराच्या खांद्यावर पडतो, आणि बहुधा तो जोडीदारही वयस्कच असतो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. मृत्यूची नोंद वेगळी आणि मृत्यूचा दाखला वेगळा. नोंद म्हणजे शासनाच्या नोंदवहीतली ओळ. दाखला म्हणजे त्या ओळीचा अधिकृत उतारा. नोंद एकदाच होते, उतारे पुढे कितीही घेता येतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठच्या कित्येक घरांतली कागदपत्रे भिजून लगदा झाली. ज्यांच्या नोंदी झालेल्या होत्या त्यांना नवे उतारे मागता आले. ज्यांच्या मुळात नोंदीच नव्हत्या, त्यांच्यापुढे मात्र वेगळाच डोंगर उभा राहिला.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा आहे. मृत्यूची माहिती एकवीस दिवसांच्या आत निबंधकाला द्यावी, असे नियम सांगतात. ग्रामपंचायतीत हे काम ग्रामसेवकांकडे असते; त्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. महानगरपालिकेत ते आरोग्य विभागाकडे असते. मुदतीत माहिती दिली, तर दाखल्याची पहिली प्रत माहिती देणाऱ्याला विनामूल्य मिळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ती नोंद झाल्यापासून सात दिवसांत द्यायची असते.

एकवीस दिवस पुरेसे वाटतात. प्रत्यक्षात ते कसे सरतात ते पाहा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग दहावा, बारावा, तेरावा. पाहुणे परततात तोवर दोन आठवडे उलटलेले असतात. मधे दोन रविवार आणि एखादी सणाची सुट्टी. मुस्लिम घरांत चाळिसाव्यापर्यंत थांबायचे म्हटले तर मुदत टळूनच जाते. सुतकात कचेरीची पायरी चढू नये, असे काही वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांचा मान राखून मी एवढेच सुचवतो की घरातल्या ज्याला सुतक लागत नाही अशा जावयाला किंवा शेजाऱ्याला सोबत घ्यावे आणि नोंदीचे काम रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी उरकून टाकावे.

नोंद कुठे होते?

बहुतेक हेलपाटे या एका प्रश्नाचे चुकीचे उत्तर धरल्याने पडतात. मृत्यू जेथे घडला, तेथील निबंधकाकडे नोंद होते. माणूस आयुष्यभर कोठे राहिला, रेशनकार्ड कोठले आहे, अंत्यसंस्कार कोणत्या स्मशानभूमीत झाले, याने काहीही फरक पडत नाही.

आमच्या भागात हे फार जाणवते. कबनूर जनगणनेच्या दप्तरी नगर म्हणून गणले गेले असले, तरी येथला कारभार ग्रामपंचायतीचा. शेजारचे इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाले. घरे आणि मागांची शेड एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की हद्द कोठे संपते हे नवख्याला कळू नये. कबनूरमध्ये राहत्या घरी मृत्यू झाला तर नोंद ग्रामपंचायतीत. त्याच माणसाला इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयात नेले आणि तेथे प्राण गेला, तर नोंद इचलकरंजी महानगरपालिकेत. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मृत्यू झाल्यास कोल्हापूर महानगरपालिकेत. मिरजेला झाल्यास जिल्हाच बदलतो आणि नोंद सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडे जाते. बेळगावच्या रुग्णालयात झाल्यास राज्य बदलते; दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. तो महाराष्ट्रातही पूर्णपणे ग्राह्य असतो, परंतु त्यावरचे नाव अक्षर न् अक्षर तपासून घ्यावे, कारण मराठी आडनाव कन्नड लिपीतून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर इकडचे तिकडे होते. वाटेत, रुग्णवाहिकेत मृत्यू झाला तर वाहन जेथे प्रथम थांबेल तेथे वाहनप्रमुखाने माहिती द्यावी, अशीही तरतूद आहे.

माझ्या परिचयातल्या एका आजींचे यजमान मिरजेच्या एका रुग्णालयात वारले. अंत्यसंस्कार गावी झाले. मुलगा यंत्रमागावर पाळीने काम करणारा. तीन वेळा पाळी बुडवून तो गावच्या कचेरीत जाऊन आला आणि ‘नोंद सापडत नाही’ एवढेच ऐकून परतला. यजमान सूतगिरणीतून निवृत्त झालेले. भविष्य निर्वाह निधी योजनेचे त्यांचे तुटपुंजे निवृत्तिवेतन थांबले आणि विधवेचे सुरू होईना, कारण दाखला नव्हता. हे सारे मला कळले ते त्यांच्या रक्तदाबामुळे. वर्षानुवर्षे काबूत असलेला दाब एकाएकी फार वाढलेला दिसला. खोदून विचारल्यावर आजी म्हणाल्या, ‘गोळी आर्धी आर्धी घेतुय. पोराला किती सांगायचं?’ मिरजेला चौकशी केली तेव्हा रुग्णालयाने मृत्यू वेळेत कळवलेला होता. नोंद झालेली होती आणि दाखलाही तयार होता. कोणीतरी तेथे जाऊन मागायचे तेवढे राहिले होते.

रुग्णालयात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रभारींची असते, घरच्यांची नव्हे. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची किंवा जवळच्या नातलगाची. रुग्णालयातून निघण्यापूर्वी एकच प्रश्न विचारून ठेवावा: नोंद कोणत्या कार्यालयाकडे पाठवणार आणि त्यात नाव काय लिहिले आहे?

नावाचा घोळ

नावाचा भाग थोडा विस्ताराने सांगतो, कारण दाखल्यावरच्या चुकांत माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका नावाच्या आहेत.

मध्यरात्री धाप लागलेल्या आईला शेजाऱ्याच्या गाडीतून नेले जाते. खिडकीवरचा कर्मचारी नाव विचारतो. शेजारी सांगतो, ‘आक्काताई’. गल्लीत सगळे त्यांना आक्काताईच म्हणतात. आधारकार्डावर त्या लक्ष्मीबाई आहेत, सातबाऱ्यावर लक्ष्मी, आणि बँकेच्या पासबुकात आडनाव आधी आलेले आहे. केसपेपरवर जे लिहिले गेले तेच मृत्यूच्या सूचनेत उतरते, सूचनेतून नोंदवहीत आणि नोंदवहीतून दाखल्यावर. मग बँक म्हणते ही बाई आमची खातेदार नव्हे. उन्हाळ्यात लग्नाच्या गाठी बांधल्यासारखे हे घोळ एकमेकांत गुंतत जातात. जन्मतारखेचेही तसेच, ‘असतील पंच्याहत्तर’ असे अंदाजाने सांगितलेले वय पुढे विम्याच्या कागदाशी जुळत नाही.

म्हणून घरातल्या प्रत्येक वृद्धाच्या आधारकार्डाची झेरॉक्स औषधांच्या पिशवीतच ठेवावी. दवाखान्यात दाखल करताना तोंडी नाव सांगण्याऐवजी ती पुढे करावी. आणि वाचकहो, आपण स्वतः वयस्क असाल, तर आधार, पासबुक, निवृत्तिवेतनाचे पुस्तक आणि जमिनीचा उतारा एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा. नावे जुळत नसतील तर ती आपल्या हयातीत, आपल्या सहीने जुळवून घेणे सोपे असते.

चूक झालीच तर कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही करतात. लेखनिकाची साधी चूक असेल तर ती निबंधकाच्या पातळीवर सुटते; तपशिलाची चूक असेल तर वस्तुस्थिती माहीत असणाऱ्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. दाखला हातात पडताच खिडकीपाशी उभे राहूनच वाचावा, घरी नेऊन कपाटात ठेवू नये.

मृत्यूचे कारण

आता माझ्या व्यवसायाचा भाग. अखेरच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात द्यायचे असते, आणि कायद्यानुसार त्या प्रमाणपत्रासाठी शुल्क आकारता येत नाही. रुग्णालयासाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

या नमुन्यात आम्ही काय लिहितो? ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढे पुरत नाही; ती तर प्रत्येकाचीच बंद पडते. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, खालच्या ओळींत त्यामागची कारणे. उदाहरणार्थ, न्यूमोनियाने मृत्यू. न्यूमोनिया झाला कारण पक्षाघातानंतर रुग्ण अंथरुणाला खिळला होता. पक्षाघात झाला तो अनेक वर्षांच्या उच्च रक्तदाबामुळे. मधुमेह असेल तर तो दुसऱ्या भागात. सर्वांत खालची ओळ सर्वांत मोलाची, कारण मूळ दुखणे तेथे सापडते. त्या घरातल्या चाळिशीच्या मुलाने रक्तदाब तपासून घ्यावा, हेही त्या ओळीतून कळते. ‘म्हातारपण’ असे लिहून मोकळे होणे मला पटत नाही.

देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू २०२० च्या शासकीय अहवालात केवळ साडेबावीस टक्के होते. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडविक्याने शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या गोळा करून कोणता रोग किती माणसे नेतो याचा पहिला हिशेब मांडला. तो डॉक्टर नव्हता. कापडाच्या गावात राहत असल्यामुळे हे सांगायला मला जरा जास्तच आवडते.

आता एक अप्रिय गोष्ट. ज्या रुग्णाला मी अलीकडे तपासलेलेच नाही, त्याच्या मृत्यूचे कारण मी लिहू शकत नाही. ‘अटॅक लिहा की, रोजची ओळख हाय आपली’ असा आग्रह होतो. नकार दिला की माणसे दुखावतात. एका घराने माझ्याकडे येणे सोडले तेही मला ठाऊक आहे. परंतु घसरून पडणे, भाजणे, विजेचा धक्का, विष, सर्पदंश, अपघात किंवा कोणतेही अकस्मात, अनाकलनीय निधन असेल, तर पोलिसांना कळवणे आणि बहुधा शवविच्छेदन होणे आवश्यक असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. देहाची चिरफाड नको, ही भावना मी समजू शकतो. मात्र रानात साप चावून गेलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत पंचनामा आणि शवविच्छेदन टाळले, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतील दोन लाख रुपयांवर त्याच्या विधवेला हक्क सिद्ध करणे अवघड होते. चितेला अग्नी दिल्यावर हा पुरावा परत उभा करता येत नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर करतो. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापलेले नसते, आणि ते नसावे असे कायद्याचे कलम १७ स्पष्ट सांगते. त्यामागे मृताच्या खासगीपणाचा विचार आहे. कोविडच्या काळात याच मुद्द्यावर अनेक कुटुंबे गोंधळली. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालानंतर कोविडने दगावलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य ठरले, तेव्हा लोक ‘दाखल्यावर कोरोना लिहून द्या’ म्हणत कचेऱ्यांत फिरत होते. ज्यांच्याकडे कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत किंवा तपासणीचे अहवाल होते, त्यांची कामे तुलनेने लवकर झाली.

रुग्णालयाची कागदपत्रे मागण्याचा आपला हक्कही माहीत असावा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. लेखी मागावीत, अर्जावर पोच घ्यावी.

उशीर झाला असेल तर

एकवीस ते तीस दिवसांत निबंधक विलंब शुल्क घेऊन नोंद करतात. तीस दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर, पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. अशा अर्जांची छाननी २०२५ पासून राज्यात बरीच कडक झाली आहे. अर्जासोबत त्या गावात नोंद नसल्याचे अनुपलब्धता प्रमाणपत्र, उपचारांचे कागद, स्मशानभूमीची पावती असे जे जे हाती असेल ते जोडावे. मध्यस्थाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत.

आजोबा-पणजोबांच्या नोंदी हव्या असतील तर वाट निराळी आहे. १९६९ चा कायदा येण्यापूर्वी खेड्यांत जन्ममृत्यू कोतवाल बुकात लिहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही पिवळी पडलेली बुके पुन्हा चर्चेत आली. ती साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात आणि जुनी पाने मोडीत असल्यामुळे मोडी वाचणारा सोबत लागतो. मृत्यूचे वर्ष अंदाजाने तरी ठाऊक असेल तर शोध हलका होतो. म्हणून घरातल्या जुन्या माणसांना ‘प्लेगच्या आधी की नंतर’, ‘गांधीवधाच्या साली की पुढे’ असे विचारून ठेवावे. एरवी गप्प बसणारे आजोबा या प्रश्नांवर तासभर बोलतात, हा माझा अनुभव आहे.

मागांवर काम करायला कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले पुष्कळ लोक आमच्याकडे राहतात. त्यांच्यापैकी कोणी येथे वारले, तर देह गावी नेला तरी नोंद येथेच होते. खोलीवरच्या सोबत्यांनी किंवा घरमालकाने गावाकडच्या कुटुंबाला एवढे सांगितले, तरी हजार मैलांवरची एक शोधाशोध वाचते.

दाखला हाती आल्यावर चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, विमा, निवृत्तिवेतन, रेशनकार्ड आणि वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी एक लागते. जमिनीवरील वारसांची माहिती तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात द्यावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत वीस हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. कचेरीत अर्ज दिला की पोच मागावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, आणि त्यासाठी पोचेवरची तारीखच उपयोगी पडते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक वैद्यकीय सूचना. मागे राहिलेल्या आईला किंवा वडिलांना सहीसाठी कचेरीत न्यावेच लागले तर सकाळी, खाऊन आणि रोजच्या गोळ्या घेऊन न्यावे. पहिल्या महिन्यात झोप आणि भूक दोन्ही उडालेली असतात. मधुमेही माणसाची साखर रांगेत उभ्या उभ्या उतरते. पाण्याची बाटली आणि दोन बिस्किटे जवळ असू द्यावीत. एका दिवशी एकच कचेरी. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर पुढच्या नोव्हेंबरात त्यांना स्वतःचा हयातीचा दाखला द्यावा लागेल. तो देण्यासाठी टपाल खात्याचा माणूस घरी येऊन बोटाचा ठसा घेऊ शकतो. पोस्टमनला आधी सांगून ठेवावे.